दाताची कॅप किती वर्षं टिकते? आणि वॉरंटी कार्डावर काय लिहिलेलं नसतं

जे लोकलमध्ये इअरफोन विसरून चढलेत किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना येणारे "म्हणजे", "तर", "अं" बरेचसे काढलेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

[००:४०]

गेल्या महिन्यात एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. मुलगा चोवीस-पंचवीसचा असावा, हिंजवडीत नोकरीला. म्हणाला, "दादा, खालच्या दाढेचं रूट कॅनाल करून चार महिने झाले. डॉक्टर म्हणतायत कॅप बसव. पण आता दुखतच नाही, मग कॅप कशाला? आणि समजा बसवली, तर क्लिनिकमधल्या कार्डावर पंधरा वर्षांची वॉरंटी लिहिलीय. मग पंधरा वर्षं बघायलाच नको ना?"

दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच समजूत आहे: दुखत नाही म्हणजे सगळं ठीक आहे. ही समजूत दातांच्या बाबतीत महागात पडते. किती महागात, ते आमच्या घरात बघितलंय, त्याबद्दल पुढे सांगतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी डॉक्टर नाही. बीटेक करून कोड लिहिणारा माणूस आहे. पण माझ्या तोंडात एक कॅप आहे, आणि एखादी वस्तू बंद पडते तेव्हा ती नेमकी कुठून बंद पडते हे शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. तर त्या नजरेनं आज बघू.

[०२:१५]

कॅप म्हणजे काय, हे थोडक्यात. डॉक्टर तिला क्राउन म्हणतात, आपण कॅप म्हणतो. दाताची बाहेरची बाजू चारी बाजूंनी आणि वरून घासून लहान करतात. साधारण एक ते दोन मिलिमीटर, मटेरियलप्रमाणे कमी-जास्त. मग माप घेतात, लॅबमध्ये टोपी बनते आणि ती सिमेंटनं चिकटवतात. म्हणजे कॅप हा काही नवा दात नाही. आत तुमचाच दात आहे, तुमचंच मूळ आहे. कॅप फक्त हेल्मेट आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, सगळा भाग त्याच्यावर उभा आहे.

आता रूट कॅनालनंतर हेल्मेट का लागतं? दात आधी किडलेला असतो, म्हणून बराचसा भाग तसाच गेलेला असतो. मग आतल्या नसेपर्यंत पोचायला वरून भोक पाडतात. उरतं काय, तर चार भिंती आणि मध्ये भरलेलं सिमेंट. छप्पर काढलेलं घर म्हणा. दाढेवर चावण्याचा जोर भरपूर येतो, आणि तो या भिंतींना बाहेर ढकलतो. एक दिवस भाजलेल्या हरभऱ्याचा एक दाणा वाकडा बसतो आणि भिंत उभी चिरते. चीर मुळात गेली तर तो दात सहसा वाचत नाही, काढावाच लागतो. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रूट कॅनाल केलेल्या पण कॅप न बसवलेल्या दातांचं गळण्याचं प्रमाण कॅप बसवलेल्यांच्या सहापट निघालं होतं. समोरच्या दातांना दर वेळी कॅप लागेलच असं नाही, तिथे जोर कमी असतो. पण दाढ असेल तर चार महिने खूप झाले. मित्रा, अपॉइंटमेंट घे.

[०४:३०]

मग टिकते किती? डॉक्टर मंडळी सहसा "दहा ते पंधरा वर्षं" म्हणतात आणि ते बरोबरच आहे. चांगल्या अभ्यासांमध्ये पाच वर्षांनी शंभरातल्या नव्वदहून जास्त कॅप जागेवर असतात. वीस-पंचवीस वर्षं चाललेल्या कॅपही असतात. माझ्या आत्याच्या तोंडात एक जुनी मेटलची आहे, ती माझ्या दहावीच्या आधीपासून आहे. पण "दहा ते पंधरा" हा आकडा दुधाच्या पिशवीवरच्या तारखेसारखा वाचायचा नाही. तो सरासरीच्या जवळचा आकडा आहे. तुमची कॅप तीन वर्षांत जाऊ शकते किंवा तीस वर्षं राहू शकते, आणि ते मुख्यतः कशावर ठरतं, तर कॅपवर नाही. कॅपच्या कडेवर.

इथे जरा थांबतो, कारण सगळी मेख इथेच आहे.

कॅपला कीड लागत नाही. झिरकोनिया असो, मेटल असो, पोर्सिलेन असो, जंतूंना त्यात खायला काही नाही. पण कॅप जिथे संपते आणि दात जिथे सुरू होतो, तिथे गोल एक रेघ असते. हिरडीच्या अगदी जवळ. तिथे सिमेंटचा बारीकसा थर उघडा असतो. आणि बऱ्याचदा त्या रेघेखाली दाताचं वरचं कडक इनॅमल नसतं, आतलं डेंटिन असतं. इनॅमल विरघळायला तोंडातलं आम्ल साधारण पीएच ५.५ च्या खाली जावं लागतं. डेंटिन त्याआधीच, सहाच्या वर असतानाच विरघळायला लागतं. म्हणजे जी जागा सगळ्यात कच्ची, तिथेच जोड आलाय. आमच्या कामात म्हणतात ना, सिस्टिम कधी मधोमध फुटत नाही, दोन सिस्टिम जोडल्यात तिथे फुटते. तसंच.

जंतू त्या रेघेतून आत शिरतात आणि हेल्मेटच्या आत डोकं खायला लागतात. बाहेरून कॅप चकाचक. आणि रूट कॅनाल झालेल्या दातात नस नसते, म्हणून ठणका नाही, गार-गरम लागत नाही, काहीच नाही. सर्व्हरवरचं मॉनिटरिंग बंद करून ठेवलंय आणि आपण म्हणतोय की गेल्या दहा वर्षांत एकही अलर्ट आला नाही, किती छान चाललंय!

बाबांचं हेच झालं. त्यांची कॅप अकरा वर्षांची होती, आत धातू आणि वर पोर्सिलेनवाली. त्या अकरा वर्षांत एक दिवस दुखलं नाही. शेवटचं वर्षभर त्या बाजूला अन्न अडकायचं आणि तोंडाला कधीकधी वास यायचा, एवढंच. मग संक्रांतीच्या सुमारास तिळाच्या चिक्कीबरोबर कॅप हातात आली. आत बघतो तर दाताचा तुकडा कॅपमध्येच, काळा आणि मऊ पडलेला. डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि म्हणाले, "काका, मूळ आहे, पण त्याच्यावर पकडायला काही उरलं नाही." नवी कॅप बसवायची तर हिरडीच्या वर किमान दीड-दोन मिलिमीटर चांगला दात चारी बाजूंनी लागतो, नाहीतर कॅप धरतच नाही. तो नव्हता. दात काढावा लागला. इम्प्लांटचा खर्च कॅपच्या कितीतरी पट, तो ते करायला तयार नाहीत. आता डाव्या बाजूनं जेवतात. आणि ती कॅप? डबीत ठेवलीय. तिच्यावर ओरखडासुद्धा नाही.

[०८:०५]

हे ऐकल्यावर वॉरंटी कार्डाचा अर्थ वेगळा लागतो. ही कार्डं सहसा कॅप बनवणाऱ्या लॅबकडून किंवा कंपनीकडून येतात. हमी असते ती मटेरियलची, म्हणजे कॅप तडकली, फुटली तर. आतला दात किडला, हिरडी खाली गेली, मूळ चिरलं, तर तो तुमचा प्रश्न. मोबाईलच्या वॉरंटीत पाण्यात पडलेला फोन बसत नाही, तसं. बाबांच्या कॅपला समजा पन्नास वर्षांची वॉरंटी असती तरी काय मिळालं असतं? कार्डाच्या मागच्या बारीक अक्षरात काही ठिकाणी अटही असते की ठरावीक काळानं तपासणी झालेली असली पाहिजे. ते वाचा. आणि कार्ड फेकू नका, कारण कॅप कोणत्या मटेरियलची आहे ते पुढच्या डॉक्टरला त्यावरून कळतं.

मटेरियलचं म्हणाल तर लोक सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच विचारतात, आणि माझ्या मते तो तिसऱ्या-चौथ्या नंबरचा मुद्दा आहे. तरी झिरकोनियाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही, कारण ते इंजिनिअरिंग खरंच भारी आहे.

साधं सिरॅमिक म्हणजे चहाचा कप. कडक असतो, पण एक चीर पडली की ती सरळ पळत जाते. १९७५ मध्ये गार्वी, हॅनिंक आणि पॅस्को या तिघांनी 'नेचर'मध्ये एक छोटा लेख लिहिला, शीर्षकातच प्रश्नचिन्ह होतं: सिरॅमिक स्टील? मुद्दा असा की झिरकोनियाचे स्फटिक एका विशिष्ट रचनेत अडकवून ठेवता येतात. दातांसाठी हे काम थोडं यट्रियम ऑक्साइड मिसळून करतात. चीर जवळ आली की टोकाजवळचे स्फटिक आपली रचना बदलतात आणि बदलताना साधारण चार टक्के फुगतात. फुगले की चीर दाबली जाते. म्हणजे वस्तू स्वतःच चिरेचा रस्ता अडवते. हेच झिरकोनिया कृत्रिम खुब्याच्या सांध्यातही वापरलं गेलंय.

आणि बनवतात कसं, तर खडूसारख्या मऊ ठोकळ्यातून मशीननं कोरून. पण कोरताना कॅप मुद्दाम वीस-पंचवीस टक्के मोठी ठेवतात, कारण नंतर भट्टीत चौदाशे-पंधराशे अंश सेल्सियसला भाजली की ती तेवढी आक्रसते. हे गणित कॉम्प्युटर करतो. दाताचं स्कॅनिंग करून कॉम्प्युटरवरून पुनर्रचना करण्याचा पहिला पेशंट झुरिक विद्यापीठात १९८५ मध्ये झाला. त्या जोडगोळीत मॉरमान हे डेंटिस्ट आणि ब्रॅन्डेस्टिनी हे इलेक्ट्रिकल इंजिनिअर होते. आपला माणूस! (एवढं श्रेय घेऊ द्या.)

बाकी मटेरियल झटपट. मेटल: स्वस्त, मजबूत, दात कमी घासावा लागतो, दिसायला चंदेरी, म्हणून मागच्या दाढेला चालते. निकेलची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. मेटल-सिरॅमिक: अनेक दशकं चाललेला, विश्वासाचा प्रकार. पण वरचं पोर्सिलेन कधी टवका निघून उडतं, आणि हिरडी खाली सरकली की कडेला काळी रेघ दिसते. लिथियम डायसिलिकेट, म्हणजे ई-मॅक्स वगैरे: समोरच्या दातांना फार सुंदर दिसतं. आणि अख्खं झिरकोनिया: जोर सहन करणारं. "झिरकोनियामुळे समोरचा दात झिजतो" असं ऐकलं असेल. नीट पॉलिश केलेलं असेल तर तसा त्रास होत नाही. डॉक्टरांनी बसवताना थोडं घासून ॲडजस्ट केलं, तर "पुन्हा पॉलिश करताय ना?" एवढं विचारा. बस.

[११:२०]

आता काळजी. यूट्यूबवर "कॅपची काळजी घेण्याचे दहा उपाय" असे व्हिडिओ ढिगानं आहेत. त्यातले आठ तुम्ही सगळ्याच दातांसाठी करायला हवेत. मी कॅपपुरतं बोलतो.

ब्रश कॅपवर नाही, कडेवर फिरवायचा. मऊ ब्रश, थोडा तिरका धरून हिरडीच्या रेघेवर, हलक्या हातानं. रात्रीचा ब्रश चुकवायचा नाही. टूथपेस्टच्या खोक्यावर फ्लोराइड किती पीपीएम लिहिलंय ते बघा. हजार किंवा त्याहून जास्त हवं. फ्लोराइड कॅपला काही करत नाही, ते कडेखालच्या दातासाठी आहे. आणि घरात कुणी मिश्री लावत असेल तर, गावाकडे आजी-मावशी लावतात अजून, तो भाजलेला तंबाखू आहे. दात आणि हिरडीही घासल्या जातात आणि तंबाखूचे बाकीचे धोके वेगळेच. कोळशाची पावडर पॅकिंग बदलून इन्स्टाग्रामवर आलीय म्हणून ती सौम्य होत नाही.

दोन दातांच्या फटीत ब्रश पोचत नाही आणि कीड बऱ्याचदा तिथूनच शिरते. फ्लॉस किंवा छोटा इंटरडेंटल ब्रश, दिवसातून एकदा. मी रात्री रील बघताना करतो, मुलाखत थोडीच आहे. टूथपिकनं टोचत बसणं म्हणजे फ्लॉस नव्हे.

मग खाणं. इथे "काय" पेक्षा "किती वेळा" जास्त महत्त्वाचं. गोड खाल्लं की तोंडातला पीएच काही मिनिटांत खाली येतो आणि लाळ त्याला परत वर आणायला साधारण अर्धा-पाऊण तास घेते. याचा आलेख डेंटलच्या पुस्तकांत स्टीफन कर्व्ह म्हणून असतो. आता ऑफिसचा दिवस आठवा. साडेदहाला साखरेचा चहा, साडेअकराला बिस्कीट, एकला डबा, तीनला चहा, चारला कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, पाचला परत चहा. पीएच वर यायला वेळच नाही! त्यापेक्षा जेवणानंतर अख्खा गुलाबजाम एकदाच खा आणि चूळ भरा. दाताच्या हिशेबात ते बरं.

कडक गोष्टींचं वेगळं. सुपारी, बर्फ चावणं, मटणाची नळी दातानं फोडणं, बाटलीचं झाकण, पेनाचं टोपण, या गोष्टी कॅपच्या बाजूनं नकोत. ऊस सोलायला चाकू आहे. चिक्की किंवा चिकट टॉफी सिमेंटवर थेट ओढ देते. पक्की बसलेली चांगली कॅप चिक्कीनं निघू नये खरं तर. निघाली, तर आत काहीतरी आधीच बिघडलेलं असतं, असं समजून डॉक्टरकडे जा.

आणि रात्री दात खाणं. सकाळी उठल्यावर जबडा अवघडलेला असतो का, किंवा खोलीतला रूममेट म्हणतो का की रात्री करकर आवाज येतो? रिलीजच्या आठवड्यात आमच्या टीममधल्या निम्म्या लोकांना हे असतं असा माझा अंदाज आहे. झोपेतला जोर जागेपणीच्या जोरापेक्षा जास्त असू शकतो आणि तो तासन् तास चालतो. डॉक्टर माप घेऊन नाइट गार्ड बनवून देतात. कॅपवर हजारो रुपये घातलेत तर हे गार्ड म्हणजे फोनचं कव्हर समजा.

[१४:१०]

बसवल्यानंतरच्या पहिल्या आठवड्याबद्दल कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. पक्की कॅप यायच्या आधी आठ-दहा दिवस टेम्पररी असते. तिचं सिमेंट मुद्दाम कच्चं असतं. तिथे चिकट काही नको, आणि फ्लॉस वर ओढून काढायचा नाही, बाजूनं सरकवून काढायचा. पक्की बसल्यावर दात मिटताना ती बाजू आधी टेकते असं वाटलं तर "सवय होईल" म्हणून गप्प बसू नका. चावा उंच राहिला की सगळा जोर त्या एका दातावर येतो. डॉक्टर रंगाचा कागद चावायला देऊन दहा मिनिटांत घासून देतात. दुसऱ्याच दिवशी फोन करा.

कॅप निघाली तर? पहिलं, ती शोधून जपून ठेवा, अनेकदा तीच परत बसते. दुसरं, फेविक्विक नाही. नाही म्हणजे नाही. हसू नका, लोक लावतात. ते तोंडात वापरायचं रसायन नाही, आणि वाकडी चिकटली की डॉक्टरला ती कापून काढावी लागते. सैल कॅप तोंडात ठेवून झोपू नका, श्वासनलिकेत जाऊ शकते. गिळली गेली तर बहुतेक वेळा आपोआप बाहेर पडते, तरी डॉक्टरला कळवा. पण खोकला, घुसमट, शिट्टीसारखा श्वास सुरू झाला तर थेट हॉस्पिटल. आणि "दुखत नाही, पुढच्या महिन्यात बघू" नको. उघडा दात झिजतो, शेजारचे दात सरकतात आणि मग जुनी कॅप बसत नाही.

कधी दाखवायचं? काही वाटलं नाही तरी सहा महिने ते वर्षातून एकदा. डॉक्टर टोकदार सुईसारख्या हत्यारानं कड चाचपतात आणि गरज असेल तर एक्स-रे काढतात. धातू आणि झिरकोनिया एक्स-रेत पांढरेशुभ्र दिसतात, त्यामुळे कॅपच्या आतलं फारसं कळत नाही, पण कड आणि मूळ दिसतं. मधल्या काळात तुमच्या हातात असलेली लक्षणं अशी: आधी अडकत नव्हतं तिथे अन्न अडकणं, फ्लॉस एकाच जागी फाटणं, त्या बाजूनं वास किंवा घाण चव, हिरडीतून रक्त किंवा छोटी पुळी, कॅप किंचित हलल्याचा भास. रूट कॅनाल झालेल्या दातासाठी हेच अलर्ट. दुखण्याची वाट बघू नका, ती वायर कापलेली आहे.

खर्चाचं म्हणाल, तर बऱ्याच जणांची गाडी तिथेच अडते. व्हॉइस नोटवाल्या मित्राचीही तीच अडचण निघाली, नंतर मेसेजमध्ये बोलला. मुंबईत नायर हॉस्पिटलचं डेंटल कॉलेज आहे, सरकारी डेंटल कॉलेज मुंबईत, नागपुरात आणि छत्रपती संभाजीनगरला आहे. खासगी डेंटल कॉलेजांच्या ओपीडीतही दर क्लिनिकपेक्षा कमी असतात. वेळ जास्त लागतो, चकरा जास्त होतात, विद्यार्थी काम करतात आणि सर-मॅडम तपासतात. शिवाय मागच्या दाढेला साधी मेटलची कॅप ही कमीपणाची गोष्ट नाही. पैसे जमेपर्यंत दात उघडा ठेवण्यापेक्षा ती कधीही बरी.

[१७:३०]

शेवटी एक प्रश्न इन्स्टावरून: "लग्न आहे, दात पांढरे करून घेतोय, समोर एक कॅप आहे, तीही पांढरी होईल का?" नाही होणार. ब्लीचिंग फक्त खऱ्या दातावर चालतं. बाजूचे दात उजळतील आणि कॅप आहे त्याच रंगाची राहील, म्हणजे फोटोत ती उलट जास्त उठून दिसेल. नवी कॅप करायचीच असेल तर आधी ब्लीचिंग, मग दोनेक आठवडे रंग स्थिर होऊ द्यायचा, आणि मग त्या रंगाला जुळवून कॅप. तारीख जवळ असेल तर आजच डॉक्टरला विचार. आणि अभिनंदन, आमंत्रण पाठव.

पुढच्या भागात अक्कलदाढ. ती काढायची की नाही, यावर तुमचे अनुभव व्हॉइस नोटनं पाठवा, एका मिनिटाच्या आत.